शनिवारचा फुटबॉल आणि ग्रीक अक्षरांची घरं
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

यंदा सीमाभागातून आलेल्या पत्रांत एकच विषय वारंवार दिसला. बारावीनंतर किंवा बी.ई. करून मुलं अमेरिकेला निघालीत. तिथलं 'खरं कॉलेज लाइफ' म्हणजे मोठा फुटबॉल आणि फ्रॅटर्निटी, असं घरी-दारी ऐकवलं जातंय. त्यांतली पाच पत्रं इथे घेतली आहेत, आणि शेवटी एक छोटा प्रश्न.

प्रश्न : मुलाला अमेरिकेत पदवीसाठी दोन ठिकाणी प्रवेश मिळालाय. एक मोठं सरकारी विद्यापीठ, फुटबॉलचं प्रचंड वेड असलेलं. दुसरं शहरातलं, अभ्यासात नावाजलेलं, पण खेळात कुणी विचारत नाही असं. नातेवाईक पहिलंच घ्या म्हणतात. काय करावं? — एक पालक, टिळकवाडी

नातेवाईकांचं म्हणणं अर्धं खरं आहे. फुटबॉल आणि 'ग्रीक' संस्था (मुलांची फ्रॅटर्निटी, मुलींची सोरॉरिटी, म्हणजे सदस्य निवडून घेणारी विद्यार्थी मंडळं) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बोलताना लोक दोन्ही एकाच पोत्यात भरतात. फुटबॉल सगळ्यांचा असतो, तिकीट काढलं की आत. ग्रीक संस्थेत मात्र आतल्यांनी तुम्हाला पसंत करावं लागतं.

आधी फुटबॉल. हा हातात चेंडू घेऊन धावण्याचा अमेरिकी खेळ. दोन विद्यापीठांमधला पहिला सामना 1869 साली रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात झाला, तोही तेव्हा सॉकरच्या जवळचाच होता. आज मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये 1,07,601 माणसं बसतात. 2011 च्या जनगणनेत बेळगाव शहर पाच लाखांच्या आत होतं. त्यातला जवळपास दर पाचवा माणूस एकाच मैदानात आणून बसवा, म्हणजे अंदाज येईल. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पेठापेठांच्या तालमींचा फुटबॉल ज्यांनी पाहिलाय त्यांना हे वेड परकं वाटणार नाही. खेळाडू कोण यापेक्षा 'आपली' तालीम कोणती हे तिथे मोठं असतं. अमेरिकेतही तसंच.

आता हिशेब करा. ऑगस्टअखेर ते नोव्हेंबर हा मोसम, एका संघाचे नियमित सामने बारा. त्यातले घरच्या मैदानावरचे सहा किंवा सात. शैक्षणिक वर्ष साधारण तीस आठवड्यांचं. म्हणजे हा सगळा उत्सव वर्षातल्या सहा-सात शनिवारांचा. हिवाळ्यात बास्केटबॉल असतो आणि मार्चमध्ये 68 संघांची राष्ट्रीय स्पर्धा भरते, तेवढीच जास्तीची भर. बाकीचे पंचवीसेक आठवडे मुलगा कसा राहील हे हॉस्टेल, मेस, गावात चालत जाता येईल असं काय आहे आणि वर्ग किती मोठे आहेत, यावर ठरतं. सहा शनिवारांसाठी चार वर्षं निवडणं आम्हाला तरी पटत नाही.

खेळ नसला की कॉलेज फिकं, हेही खरं नाही. शिकागो विद्यापीठाच्या जे बर्वॅन्गरला 1935 साली हाइझमन ट्रॉफी मिळाली. ती पहिलीच, आणि आज कॉलेज फुटबॉलमधला सर्वांत मोठा वैयक्तिक सन्मान समजला जातो. चारच वर्षांनी, 1939 मध्ये, त्याच विद्यापीठानं फुटबॉल बंद केला. पुढे 1969 ला तो खालच्या पातळीवर परत आला. मधल्या तीस वर्षांत विद्यापीठाची इभ्रत कमी झाली नाही.

ठरवण्याआधी एक कागद बघा. बहुतेक अमेरिकी विद्यापीठं दरवर्षी 'कॉमन डेटा सेट' नावाचा तक्ता प्रसिद्ध करतात. विद्यापीठाच्या नावापुढे हेच शब्द टाकून शोधलं की तो सापडतो. त्यात 'एफ 1' या भागात किती टक्के मुलं फ्रॅटर्निटीत, किती मुली सोरॉरिटीत, किती जण विद्यापीठाच्या घरांत राहतात आणि किती बाहेरच्या राज्यांतले आहेत, हे आकडे असतात. ग्रीक टक्केवारी दहाच्या आत असेल तर तिचा तुमच्या मुलाच्या दिवसावर फारसा परिणाम होणार नाही. ती तीस-चाळीसच्या वर आणि गाव छोटं, तर शनिवार-रविवारचं सगळं जगणं त्या घरांभोवती फिरतं, आणि बाहेर राहिलेल्याला ते जाणवतं. 'बी 22' मध्ये पहिल्या वर्षानंतर किती विद्यार्थी टिकले तो आकडा आहे. स्टेडियमच्या फोटोपेक्षा आम्ही त्यावर जास्त विश्वास ठेवू.

फीच्या पत्रकातली 'मँडेटरी फी'ची (सक्तीच्या फीची) ओळही उलगडून बघा. वरच्या फळीतल्या मोजक्या विद्यापीठांत क्रीडा विभाग बराचसा स्वतःच्या कमाईवर चालतो. खालच्या फळीतल्या पुष्कळ ठिकाणी तो विद्यार्थ्यांच्या फीवर चालतो, सामना बघा किंवा न बघा. गंमत अशी की मोठ्या ठिकाणी सगळ्या विद्यार्थ्यांना तिकीट मिळेलच असंही नाही. कुठे लॉटरी, कुठे मोसमाचा पास काही मिनिटांत संपतो.

प्रश्न : मुलगी ऑगस्टमध्ये तिकडच्या दक्षिणेकडच्या एका राज्यात शिकायला जातेय. तिथल्या मुली तिला 'रशला नाव नोंदव' म्हणून मेसेज करतात. हे काय असतं, खर्च किती, आणि आम्ही हो म्हणावं का? — आई, खानापूर

'ग्रीक'चा ग्रीस देशाशी संबंध नाही. संस्थांची नावं ग्रीक लिपीतल्या दोन-तीन अक्षरांची असतात, म्हणून ते नाव पडलं. पहिली अशी संस्था, फाय बीटा कॅपा, 1776 साली विल्यम अँड मेरी कॉलेजात निघाली. ती आता हुशार विद्यार्थ्यांच्या सन्मानापुरती उरली आहे. राहणं-जेवणं-समारंभवाल्या फ्रॅटर्निटींची परंपरा 1825 च्या युनियन कॉलेजपासून धरतात. मुलांची ती फ्रॅटर्निटी, मुलींची सोरॉरिटी. आपल्या भाषेत सांगायचं तर वर्गणी असलेलं, स्वतःचं घर असलेलं, टी-शर्टवर नाव मिरवणारं आणि नवीन कार्यकर्ता पारखून घेणारं मंडळ. एवढंच की मंडळ गल्लीतल्या पोराला नाही म्हणत नाही, आणि हे म्हणतं.

नाही कसं म्हणतात ते समजून घ्या, कारण मुली तिथेच दुखावतात. मोठ्या 26 राष्ट्रीय सोरॉरिटींचा एक महासंघ आहे, नॅशनल पॅनहेलेनिक कॉन्फरन्स. भरती, म्हणजेच 'रश', त्याच्या नियमांनी होते. दक्षिणेत ती बहुधा वर्ग सुरू होण्याच्या आधीच्या आठवड्यात असते, इतर काही ठिकाणी जानेवारीत. नोंदणी फी भरली की मुलींचे गट पाडतात आणि पहिल्या फेरीत प्रत्येक घरात थोडा थोडा वेळ नेतात. उभ्या उभ्या गप्पा, टाळ्या, गाणी. रात्री दोन्ही बाजू आपापली यादी देतात आणि संगणक जुळणी करतो. दुसऱ्या दिवशी कमी घरं, जास्त वेळ. पुढे त्यांच्या समाजसेवेची फेरी, घराच्या ओळखीची फेरी. शेवटच्या 'प्रेफरन्स' फेरीत एक-दोनच घरं उरतात. मग 'बिड डे', म्हणजे बोलावण्याचं पाकीट.

सगळ्यांत महत्त्वाचा कागद शेवटच्या फेरीनंतर लगेच सहीसाठी येतो. त्यात मुलगी उरलेल्या घरांचा पसंतीक्रम लिहून देते. जे घर तिनं लिहिलं त्याचं बोलावणं आलं आणि तिनं ते नाकारलं, तर त्या विद्यापीठात महासंघाच्या दुसऱ्या कोणत्याही सोरॉरिटीत पुढच्या वर्षीच्या भरतीपर्यंत जाता येत नाही. दमलेल्या, रडवेल्या अठरा वर्षांच्या मुली हा कागद न वाचता सही करतात. तिला आत्ताच सांगून ठेवा : जिथे खरंच राहायचं नाही त्या घराचं नाव लिहायचं नाही, ओळ रिकामी सोडली तरी चालते.

पहिल्या-दुसऱ्या फेरीनंतर यादीतून नाव जाणं याचा अर्थ मुलगी कमी आहे असा नाही. एका घराला हजारभर मुली दहा-पंधरा मिनिटं भेटतात. ज्यांच्या आई-मावश्या तिथेच होत्या, ज्यांना घरातल्या मुली आधीपासून ओळखतात, त्यांची नावं लक्षात राहतात. आपली मुलगी तिथे अनोळखी असते. हे तिला आधी माहीत असेल तर ती ते मनाला लावून घेणार नाही.

खर्च घरागणिक आणि विद्यापीठागणिक बदलतो. काही ठिकाणी सत्राला काहीशे डॉलर, दक्षिणेतल्या मोठ्या घरांत काही हजार. फक्त 'ड्यूज' (वर्गणी) किती एवढं विचारून थांबू नका. पहिल्या सत्राची नवीन सदस्याची फी वेगळी असते, ती विचारा. घरात न राहणाऱ्यांकडूनही घेतात ती 'पार्लर फी' आणि जेवणाचा पास विचारा. मग टी-शर्ट, फोटो, समारंभांचे कपडे. आणि दुसऱ्या वर्षी घरात राहण्याची सक्ती आहे का, हे विचारा. असेल तर तिचा आधीचा हॉस्टेलचा करार मोडावा लागेल का, तेही. हे आकडे भरतीच्या पुस्तिकेत घरवार दिलेले असतात. चार वर्षांची बेरीज करून, ती शिक्षणकर्जात बसते का ते पाहा. एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला 20 तासांपर्यंतच, तेही कॅम्पसवर, काम करता येतं. त्या पैशांतून हे भागेल असं धरू नका.

तारखेचंही एक गणित आहे. एफ-1 वर, विद्यापीठ देतं त्या आय-20 या कागदावर लिहिलेल्या सुरुवातीच्या तारखेच्या 30 दिवस आधीच अमेरिकेत शिरता येतं, त्याहून लवकर नाही. भरतीचा आठवडा या मुदतीत बसतो, पण हॉस्टेलची खोली तेव्हा उघडलेली असेलच असं नाही. लवकर राहायला जाण्याची परवानगी वेगळी मागावी लागते.

दारूबद्दल सरळ लिहितो. अमेरिकेत 1984 च्या केंद्रीय कायद्यामुळे सगळ्या राज्यांत पिण्याचं वय 21 आहे. बहुतेक सोरॉरिटींच्या घरात दारूला बंदी असते, त्यामुळे पार्ट्या फ्रॅटर्निटींच्या घरी होतात, आणि धोका तिथेच असतो. फ्रॅटर्निटींच्या महासंघानं 15 टक्क्यांपेक्षा जास्त अल्कोहोलची दारू 2019 पासून घरात ठेवायला मनाई केली. परवानाधारक विक्रेता असेल तर सूट. नियम आहे, पण तो पाळला जातो का हे घरावर अवलंबून. तिथल्या मुलीला कोवळ्या वयात हातात ग्लास धरला म्हणून दंड होईल. आपल्या मुलीला अटक झाली तर पुढच्या प्रत्येक व्हिसा अर्जात 'कधी अटक झाली होती का' या रकान्यात 'हो' लिहावं लागेल. दारू पिऊन गाडी चालवताना पकडलं तर खटला उभा राहण्याआधीच व्हिसा रद्द होऊ शकतो.

मग हो की नाही? पहिल्या वर्षी नको, असं आमचं मत. एक सत्र बाहेरून बघू दे. हवंच असेल तर दुसऱ्या वर्षी जाता येतं, आणि तोवर कोणतं घर कसं हे तिला कळलेलं असतं. दक्षिण आशियाई मुलींच्या सोरॉरिटीही आहेत. ह्यूस्टन विद्यापीठात 1998 साली सुरू झालेली डेल्टा फाय ओमेगा त्यातली एक. मुलांची डेल्टा एप्सिलॉन साय त्याच वर्षी ऑस्टिनला सुरू झाली. यांना बहुधा मोठं घर नसतं आणि भरती छोटी असते. फक्त 'आपली माणसं' म्हणून चौकशी सोडू नका. खालचं निपाणीच्या वाचकांना दिलेलं उत्तर त्यांनाही लागू आहे.

प्रश्न : बेळगावातून बी.ई. मेकॅनिकल केलं. एम.एस.ला निघालोय. फुटबॉलसाठी नावाजलेलं विद्यापीठ निवडलं तर अनुभव चांगला येईल का? — एक विद्यार्थी, उद्यमबाग

फ्रॅटर्निटी-सोरॉरिटी जवळजवळ पूर्णपणे पदवीच्या मुलांची असते. एम.एस.वाल्याला तिथे जागा नसते, आणि तेवीसाव्या वर्षी ती असावी असं वाटूही नये. सामना बघायला जरूर जा, वर्षाला एक-दोन पुरे होतील. तुमचा अनुभव तीन गोष्टींवर ठरेल : प्रयोगशाळेत कोणत्या प्राध्यापकाकडे, खोलीत कोणाबरोबर, आणि आठवड्यातून एकदा कुठे खेळता. तिसरीसाठी 'इंट्राम्युरल' शोधा. ही विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांची आपसातली लीग असते, निवड चाचणी नसते, फी नाममात्र. पुष्कळ ठिकाणी क्रिकेटही असतं. नोंदणी सत्राच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच बंद होते. भारतीय मुलांचं सगळ्यांत मोठं चुकतं ते इथेच : सामान लावून, बँकेचं खातं उघडून, बसचा पास काढून होईपर्यंत संघ भरलेले असतात.

प्रश्न : आम्ही निपाणीचे. मुलगा अर्जुननगरच्या कॉलेजात जातो, पुतण्या अमेरिकेत. पुतण्याकडून 'हेझिंग' शब्द ऐकला. हे आपलं रॅगिंगच का? आणि मुलाबाबत काही झालं तर कर्नाटकात तक्रार करायची की महाराष्ट्रात? — एक वाचक, निपाणी

जवळचं आहे, पण तेच नाही. रॅगिंग नवीन मुलाला तो नवीन आहे म्हणून सोसावं लागतं. हेझिंग तो आत यायचं म्हणून सोसतो. फ्रॅटर्निटीत बोलावणं मिळाल्यापासून पूर्ण सदस्य होईपर्यंत काही आठवड्यांचा उमेदवारीचा काळ असतो. त्यात झोपू न देणं, कामं लावणं, मारणं आणि मुख्य म्हणजे थोड्या वेळात खूप दारू पाजणं हे प्रकार होतात. मुलगा स्वतः 'हो' म्हणालेला असतो, म्हणून तो तक्रार करत नाही. मृत्यू बहुधा अल्कोहोलच्या विषबाधेनं किंवा पडल्यानं होतात, आणि आजूबाजूचे 'झोपलाय, उठेल सकाळी' म्हणून रुग्णवाहिका बोलवत नाहीत. पुतण्याला एवढं सांगा : बेशुद्ध माणसाला कुशीवर वळवायचं, एकटं सोडायचं नाही आणि 911 हा तिथला आणीबाणीचा नंबर लावायचा. अनेक राज्यांत मदत मागणाऱ्या अल्पवयीनावर पिण्याबद्दल कारवाई होत नाही.

डिसेंबर 2024 मध्ये तिथे 'स्टॉप कॅम्पस हेझिंग ॲक्ट' झाला. आता विद्यापीठाला दोषी ठरलेल्या संस्थांची नावं, काय घडलं आणि काय शिक्षा झाली हे आपल्या संकेतस्थळावर द्यावं लागतं, वर्षातून किमान दोनदा अद्ययावत करून. कुठल्याही घरात पाऊल टाकण्याआधी हा अहवाल वाचायचा. घर निलंबनातून नुकतंच परत आलंय असं दिसलं तर लांब राहायचं.

तुमच्या मुलाबद्दल. अर्जुननगर कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. गुन्हा जिथे घडला तिथलाच कायदा लागतो, तुमचं रेशनकार्ड कुठलं याला महत्त्व नाही. महाराष्ट्राचा 1999 चा स्वतंत्र रॅगिंगविरोधी कायदा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड सांगतो. शिवाय दोषी विद्यार्थ्याला कॉलेजातून काढून पाच वर्षं दुसरीकडे प्रवेश नाही. कर्नाटकात हे कर्नाटक शिक्षण कायद्यात येतं आणि शिक्षा हलकी आहे. प्रकार निपाणीतल्या भाड्याच्या खोलीवर घडला तर पोलीस ठाणं निपाणीचं. कॉलेजकडे तक्रार मात्र दोन्ही वेळा करायचीच, कारण यूजीसीचे 2009 चे नियम दोन्ही राज्यांत सारखे आहेत. चोवीस तासांची राष्ट्रीय हेल्पलाइन 1800-180-5522. प्रवेशाच्या वेळी मुलानं आणि तुम्ही जे हमीपत्र भरलं, ते याच नियमांखालचं.

प्रश्न : अमेरिकेतल्या व्हिडिओंत लाखभर लोक, बँड, रंगवलेली तोंडं. आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात यातलं काहीच नाही. आमची चार वर्षं वाया जातात असं वाटतं. — एक विद्यार्थी, चिकोडी

लाख लोकांचं मैदान आपल्याकडे कॉलेजला येणार नाही, त्याची कारणं पैशात आणि शंभर-दीडशे वर्षांच्या सवयीत आहेत. आपली गर्दी कॉलेजात नसते, गावात असते. बेळगावच्या शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीला किंवा आनंदवाडीच्या कुस्तीच्या मैदानाला गेलेल्याला 'आपला गट'ही माहीत असतो आणि जोशही. तिकडे कॉलेज सोडलं तर हे मिळायला दुसरी जागा नसते, म्हणून ते कॉलेजात एवढं फुगतं.

तुम्हाला हातात काय आहे ते सांगतो. व्हीटीयूच्या (विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाच्या) 2022 च्या रचनेत तिसऱ्या ते सहाव्या सत्रात एनएसएस, शारीरिक शिक्षण किंवा योग यांपैकी एक घ्यावंच लागतं. बहुतेक मुलं सहीपुरतं उरकतात. शारीरिक शिक्षण घ्या आणि त्या तासाला संघ उभा करा. कबड्डीला बारा मुलं पुरतात : सात मैदानात, पाच राखीव. व्हॉलीबॉललाही साधारण तेवढीच. आंतरकॉलेज स्पर्धेला जायचं तर फिजिकल डायरेक्टरांना सत्राच्या पहिल्याच आठवड्यात भेटा, कारण संघाची नावं आणि पात्रतेचे कागद आधी जातात. अडतं ते हजेरीवर. व्हीटीयूला 85 टक्के लागतात आणि सवलत मर्यादित आहे. स्पर्धेचं पत्र परत आल्यावर मागितलं की विभागात कुणी ऐकत नाही. जाण्याआधी पत्र घ्या, प्रत्येक विषयशिक्षकाची त्यावर सही घ्या, आणि परत आल्यावर सहभागाचं प्रमाणपत्र त्याच पत्राला टाचून द्या. पहिली दोन सत्रं अशी गेली की तिसऱ्यांदा कॉलेज स्वतः विचारतं.

प्रश्न : सामन्याला पहिल्यांदा जाताना काय न्यायचं? — वरच्याच पत्रातला, उद्यमबाग

बॅग नेऊ नका. बहुतेक स्टेडियममध्ये 12 बाय 6 बाय 12 इंचांपर्यंतची पारदर्शक पिशवीच चालते, काही ठिकाणी तीही नाही. पंधरा मिनिटांचे चार डाव म्हणजे तास, असं समजू नका. प्रत्यक्षात साडेतीन तास जातात आणि विद्यार्थ्यांच्या भागात सगळे उभेच असतात. उत्तरेकडे नोव्हेंबरमध्ये पारा शून्याखाली जातो आणि बाकं धातूची असतात, तेव्हा आतून थर्मल आणि दोन जोड मोजे. सामन्याआधी वाहनतळावर गाड्यांच्या मागे शेगड्या पेटतात, त्याला टेलगेट म्हणतात. अनोळखीही बोलावून खायला देतात. बर्गरमध्ये बहुधा गोमांस आणि हॉट डॉगमध्ये डुकराचं किंवा गोमांस असतं, तेव्हा चालत नसेल तर आधी विचारा, कुणी वाईट वाटून घेत नाही. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं, रेषेपलीकडे पोचलं की सहा गुण, वरचा एक लाथेचा. पहिल्या दिवसाला एवढं पुरतं. आणि घरच्यांना आधी कळवून ठेवा : पूर्वेकडचा दुपारी बाराचा सामना म्हणजे बेळगावात रात्रीचे साडेनऊ, नोव्हेंबरात घड्याळं मागे केल्यावर साडेदहा. लाख फोन एका ठिकाणी असले की नेटवर्क बसतं, म्हणून रात्री एक-दोनपर्यंत फोन लागला नाही तरी काळजी करू नये.